आधी कोणी मारलं

माझे इवाई, म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, पुसदहून पहिल्यांदा एकटे आले तेव्हा त्यांच्या पिशवीत चिवड्याचा पुडा होता आणि शर्टाच्या खिशात फोन. मला तेव्हाच संशय आला. सुनेला न्यायला आलेला माणूस असा येत नाही. तो आधी कळवतो, सोबत घरची एखादी बाई आणतो आणि पाणी पिता पिताच बॅग भरायला सांगतो. संबंध तोडायला येणारा माणूसही असा येत नाही. तो चार माणसं घेऊन येतो आणि पाणी पीत नाही. हे एकटे आले, पाणी प्यायले, चहा प्यायले, नातीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले की ईहीनबाई, तुम्ही बुद्धिबळ खेळता म्हणे.

खेळते हे खरं आहे. माझे वडील लहान गाडीच्या रुळांवर कामाला होते. आम्ही दारव्ह्याला रेल्वेच्या चाळीत राहायचो. गाडी यायच्या वेळेला कधी येत नसे, म्हणून स्टेशनावरची माणसं फलाटावर खडूने पट काढून खेळत बसायची. मी वडिलांचा डबा घेऊन जायची आणि डबा रिकामा होईपर्यंत बघत राहायची. चौथीनंतर शाळा सुटली, पट सुटला नाही. पुढे बोरी अरबला लग्न होऊन आले तेव्हा वडिलांनी त्यांच्या सोंगट्या मला दिल्या. त्यातला एक उंट हरवला आहे. त्याच्या जागी मी सुताचं रिकामं रीळ ठेवते.

तर इवायांनी पट मागितला. मी काढला. आमच्यात मुलाकडच्यांचा मान असतो, म्हणून मी पांढऱ्या सोंगट्या त्यांच्याकडे सरकवल्या. पांढऱ्याची चाल पहिली. त्यांनी पट फिरवला आणि काळ्या घेतल्या. म्हणाले, "तुम्ही चाला आधी." मुलाकडचा माणूस मान सोडून देतो म्हणजे त्यात काहीतरी आहे, असं मी मनात धरलं. आणि त्यांनी खिशातला फोन काढून पटाच्या कडेला, काच वर करून ठेवला, तेही मी पाहिलं.

आता घरातली गोष्ट सांगते, नाहीतर कळणार नाही. माझी लेक दारव्ह्याच्या एका शाळेत शिकवते. नोकरी लग्नाआधीची. जावयाचं पुसदला बी-बियाण्याचं दुकान आहे. लग्न ठरताना नोकरी चालेल म्हणाले, मग लेकरू झाल्यावर नको म्हणू लागले. ती म्हणाली सोडणार नाही. तो म्हणाला मग माहेरीच राहा. ती लहानीला घेऊन माझ्याकडे आली आणि इथून शाळेत जाऊ लागली. भांडण एवढंच. मारहाण नाही, दारू नाही. पण तो आला नाही, ही गेली नाही, आणि महिने निघून गेले.

फारकतीचा शब्द मात्र कोणी काढला नव्हता, आणि त्याला कारण होतं. कोर्टाचं काय ते कोर्ट करतं, पण आमच्या लोकांत आधी विहारात बैठक बसते. दोन्हीकडची जाणती माणसं असतात. ती पहिला प्रश्न एकच विचारतात, की आधी कोणी म्हटलं. ज्याच्या तोंडून शब्द आधी निघाला त्याने घर मोडलं असं धरतात, आणि घर मोडणाऱ्याकडे लेकरू राहू देत नाहीत. चूक कोणाची, किती, हे नंतर. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण बैठकीत ठरलं की सगळं गाव त्याला धरून राहतं, आणि गावाला डावलून कोर्टात जाणारी पोरगी मी अजून पाहिली नाही. माझ्या लेकीने तोंड उघडलं असतं तर माझी नात पुसदला गेली असती. त्यामुळे आम्ही गप्प होतो. तेही गप्प होते. आणि आता हे इवाई चिवडा आणि फोन घेऊन माझ्या ओसरीवर बसले होते.

पहिला डाव मी लवकर हरले. कसा हरले ते सांगते, कारण त्यातच सगळं आहे.

प्यादं सरळ चालतं आणि तिरपं मारतं. त्यामुळे डाव थोडा पुढे गेला की पटाच्या मधोमध माझं एक प्यादं आणि त्यांचं एक प्यादं तिरपी समोरासमोर येतात. मी त्यांचं मारू शकते, ते माझं मारू शकतात. कोणी मारलं नाही तर दोन्ही तशीच उभी राहतात, आणि सगळ्या पटाला ताण येतो. हा ताण माणसाला सहन होत नाही. बोटं शिवशिवतात. मारून मोकळं व्हावंसं वाटतं. माझं लक्ष त्या फोनवर होतं, तेव्हा मी मारून टाकलं. त्यांनी उलट मारलं. मधली उभी पट्टी मोकळी झाली, वजिरासमोर वजीर आला, आणि वजीर गेल्यावर त्यांचा हत्ती माझ्या आधी त्या पट्टीत येऊन बसला. पुढे मी नुसती पळत होते.

माझे वडील सांगायचे की बैल शिंगाला शिंग लावून उभे असले की मध्ये हात घालू नये. त्यांचं म्हणणं असं की मारता येतं म्हणून मारायचं नसतं. आधी पाहायचं की मारल्यावर जागा कोणाला मोकळी होते. आपण मारलं आणि त्याचा मोहरा चांगल्या घरात आला, तर आपण त्याचंच काम केलं. दुसरी वाट म्हणजे प्यादं पुढे सरकवायचं. मग मध्य बंद होतो, ताण जातो, पण लढाई कडेला सरकते आणि तिथे आपला राजा असला तर पंचाईत. तिसरी वाट थांबायची. थांबायचं म्हणजे बसून राहायचं नाही. प्याद्याला मागून टेकू द्यायचा, घोडा त्याच्या शेजारी आणायचा, राजा कोपऱ्यात न्यायचा. असं की त्याने मारलं तर आपलं दुसरं प्यादं मध्ये येऊन उभं राहील आणि मध्यावर आपला जोर होईल. मारायची खाज आली की वडील फलाटावरून उठून नळावर पाणी प्यायला जायचे. मलाही तेच सांगायचे.

दुसऱ्या रविवारी इवाई परत आले. मग येतच राहिले. मी पट मांडायच्या आधी त्यांचा फोन उचलला आणि भाकऱ्यांच्या टोपलीखाली ठेवला. म्हणाले, काहून? मी म्हटलं, काचेवर ऊन पडते, डोळ्यात जाते. त्यांनी टोपलीकडे बराच वेळ पाहिलं आणि काही बोलले नाहीत. न बोलणारा माणूस मला बोलणाऱ्यापेक्षा वाईट वाटतो.

ते खेळायचेही तसेच. मध्ये प्यादी समोरासमोर आली की मी टेकू लावायची. तेही लावायचे. मग लावायला काही उरायचं नाही आणि चाल तर करावीच लागते. तेव्हा ते हत्ती एक घर इकडे घ्यायचे आणि पुढच्या चालीत परत तिकडे. मी हरलेल्या डावातही पाहिलं होतं, त्यांना खेळ चांगला येतो. चांगला खेळणारा माणूस हत्तीला असा फेऱ्या मारायला लावतो, म्हणजे तो माझ्या कंटाळ्याची वाट पाहतो. पटावरही आणि पटाबाहेरही. माझ्या डोक्यात हे पक्कं बसलं.

एकदा त्यांनी नातीला विचारलं, "तुले इथं करमते का वं?" सहज विचारल्यासारखं. ती म्हणाली करमते, पण आबा तुम्ही इथंच राहा. मी कान देऊन होते. लेकराच्या तोंडून काढून घ्यायला आले आहेत असं वाटून मी तिला लगेच शेजारी पाठवलं. एकदा त्यांनी घोडा उचलला, हवेत धरून ठेवला आणि पटाकडेच पाहत म्हणाले, "मग आता पोरीचं काय म्हणता, ईहीनबाई?"

शब्द माझ्या जिभेवर होता. मी म्हणणार होते की तुमच्या पोराला नको असेल तर स्पष्ट सांगा, आम्ही मोकळ्या होतो. इतके महिने आत दाबून ठेवलेलं वाक्य होतं ते. मी उठले, माठाकडे गेले, तांब्याभर पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. म्हटलं, पोरगी बरी आहे, तुमचा घोडा अजून हातातच आहे.

त्यांनी घोडा ठेवला. म्हणाले, "तुम्हाले तहान लय लागते."

"उन्हाळा आहे," मी म्हटलं. दिवस थंडीचे होते. आम्ही दोघांनीही ते तसंच सोडलं.

लेकीला हे सगळं असह्य होत होतं. रविवारी ती आत बसून शाळेचे पेपर तपासायची आणि सासऱ्यापुढे चहा ठेवण्यापुरती बाहेर यायची. ते गेले की मला म्हणायची, माय, किती दिवस हे, मीच म्हणून टाकते आणि मोकळी होते. मी तिला सांगितलं की तू मोकळी होशील, लहानी होणार नाही. तिने पेपर आपटले. आपटू दे म्हटलं. माझं बोलणं गोड नाही हे तिला जन्मापासून माहीत आहे.

तोवर मी माझ्या बाजूचे टेकू लावत होते. लहानीला इथल्या अंगणवाडीत घातलं, म्हणजे ती कुठे राहते, कुठे खाते हे गावाला दिसलं पाहिजे. जावयाला प्रत्येक सणाला जेवायला बोलावलं आणि तेही शेजारणीला ऐकू जाईल असं, फोनवर मोठ्याने. तो आला नाही. लेकीला सांगितलं की त्याच्याशी एक शब्द वाकडा बोलायचा नाही आणि सासूच्या तब्येतीची चौकशी करायची. ती करायची, दात खाऊन. उद्या बैठकीत कोणी विचारलं की दार कोणी लावलं, तर आमचं दार उघडं दिसायला हवं होतं.

शेजारीण मला म्हणायची की तो म्हातारा बिचारा नातीसाठी येतो. मी म्हणायची, बिचारा माणूस काळ्या सोंगट्या मागून घेत नाही.

मग एक रविवार असा आला की इवाई चिवड्याशिवाय आले. मी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. फोनही नव्हता. मी टोपली रिकामी करून ठेवली होती, ती तशीच राहिली. फोन असताना मला फोनची भीती होती. तो नसताना जास्त वाटली, कारण आता काय चाललं आहे ते कळायला काहीच धरायला नव्हतं. मी लेकीला आतून बाहेर यायचं नाही म्हणून खूण केली.

डाव नेहमीसारखाच सुरू झाला. मधली दोन प्यादी तिरपी समोर आली. मी मागे टेकू दिला, घोडा आणला, राजा कोपऱ्यात नेला. त्यांनीही आपलं सगळं जागेवर आणलं. आता हत्तीच्या फेऱ्या सुरू होतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी हत्तीला हात लावला आणि काढून घेतला. मग पटावरून नजर न उचलता त्यांनी माझं मधलं प्यादं मारलं.

ती चाल वाईट होती. माझं टेकूचं प्यादं उलट मारून मध्ये आलं असतं आणि माझी दोन प्यादी शेजारी शेजारी उभी राहिली असती. त्यांच्यासारखा माणूस अशी चाल करत नाही. मी लगेच मारलं नाही. कुठे काय लपवलं आहे ते शोधत पटाच्या चारही कोपऱ्यांत पाहिलं. काही सापडलं नाही.

"मी मारलं," ते म्हणाले. "आता बोलतो. पोराले फारकती पाहिजे. त्यानं मारेगावची पोरगी पाहून ठेवली आहे. मागच्या पंधरवड्यात जाऊन आला. मले काल कळलं."

मी विचारलं की मग इतके रविवार तुम्ही इथे काय करत होता.

त्यांनी जे सांगितलं ते असं. पोरगाच त्यांना पाठवत होता. निघताना फोनमध्ये आवाज भरायचं चालू करून खिशात घालून द्यायचा आणि सांगायचा, बाबा, तिच्या नाहीतर तिच्या मायच्या तोंडून शब्द काढून आणा, मग आपण मोकळे आणि लेकरू आपलं. ते यायचे, खेळायचे आणि परत जाऊन सांगायचे की काही बोलल्या नाहीत. फोन मी टोपलीखाली ठेवायला लागले तेव्हा त्यांना बरंच वाटलं म्हणे. पोराला सांगायला कारण झालं. त्यांना वाटायचं दिवस गेले की पोराचा राग जाईल आणि दोघं एकत्र येतील. म्हणून थांबत होते. पोरीचं काय म्हणता हे त्यांनी त्या दिवशी खरंच विचारलं होतं, की ती परत यायला तयार आहे का.

म्हणजे फोनचा माझा संशय खरा होता आणि माणसाचा खोटा. असं ते म्हणत होते. पण अर्धा संशय खरा निघाल्यावर उरलेला अर्धा नुसत्या सांगण्यावरून कसा सोडायचा? उद्या हाच माणूस बैठकीत म्हणाला असता की मी असं बोललोच नाही, ईहीनबाईच बोलल्या, तर माझ्या ओसरीवर साक्षीला फक्त लाकडाच्या सोंगट्या होत्या.

मी म्हटलं, "इथं नका बोलू. अंगणात चला. शेजारीण शेंगा फोडून राहिली. तिच्यासमोर बोला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता कळेल. खोटा असेल तर चिडेल, चप्पल घालेल, बसस्टँडचा रस्ता धरेल. ते उठले, गुडघ्यावर हात टेकून, आणि अंगणात आले. कुंपणापाशी उभे राहून शेजारणीला जयभीम घातला आणि सांगितलं की बाई, ऐका, फारकतीचा शब्द आमच्या घरातून निघाला आहे, माझ्या पोराच्या तोंडून, मी त्याचा बाप सांगतो, माझ्या सुनेनं हा शब्द काढला नाही. शेजारीण एक शेंग हातात धरून बसली ती बसलीच. एरवी तिचं तोंड थांबत नाही. मी तिला विचारलं, ऐकलं ना? तिने मान हलवली. मी म्हटलं, तोंडानं सांग. तिने सांगितलं.

लेक दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती रडली नाही, मला वाटलं होतं रडेल. तिने सासऱ्याला विचारलं की तुम्ही जेवून जाता का. ते म्हणाले जातो. मग आम्ही दोघं आत आलो आणि मी माझ्या प्याद्याने त्यांचं प्यादं मारलं. मध्ये माझी दोन प्यादी उभी राहिली. डाव जेवणानंतर पुरा केला आणि मी जिंकले. त्यांनी मुद्दाम सोडला का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बैठक बसेपर्यंत मी झोप घेतली नाही म्हटलं तरी चालेल. माणूस आपल्या ओसरीवर एक बोलतो आणि आपल्या माणसांत बसला की दुसरं बोलतो, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. विहारात सतरंज्या घातल्या. जावई आपल्या काकांच्या मध्ये बसला होता. इवाई कडेला, भिंतीला टेकून. मी शेजारणीला सोबत नेलं होतं आणि वाटेत तिच्याकडून तेच पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं होतं. सगळ्यांत वयस्क होते त्यांनी घसा साफ केला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, की आधी कोणी म्हटलं.

जावई म्हणाला की त्यांच्याकडून. माझी लेक काही बोलायच्या आत इवाई भिंत सोडून उभे राहिले.

"पोरगा खोटं बोलते," ते म्हणाले. "आमच्याकडून. मी त्याचा बाप."

काका त्यांना हात धरून खाली बसवायला लागले. ते बसले नाहीत. शेजारणीला मी कोपराने ढोसलं, पण तिला बोलायची वेळच आली नाही. बापाने पोराविरुद्ध सांगितल्यावर दुसरी साक्ष कोण मागतो? लेकरू आईकडे राहील असं ठरलं, बापाने भेटायला यावं असंही ठरलं, आणि पुढचं कागदोपत्री काम वकिलाकडे गेलं. जावयाने मारेगावची पोरगी केली. त्याने बापाशी बोलणं टाकलं, एका घरात राहून. त्यांची बायको त्यांना ताट वाढते आणि उठून जाते, असं कानावर आलं. ते मला त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ते अजून येतात. दर रविवारी नाही, बस मिळेल तसे. आता ते माझे इवाई नाहीत, पण दुसरं काय म्हणायचं ते सुचत नाही म्हणून मी तेच म्हणते, आणि त्यांच्या तोंडीही ईहीनबाईच आहे. लहानी चिवडा खाते आणि त्यांच्या मांडीवर बसून मेलेली प्यादी रांगेत लावते. काळ्या सोंगट्या तेच घेतात. मी एकदा विचारलं की आता तर कोणाला काही काढून घ्यायचं नाही, मग पांढऱ्या कायले घेत नाही? म्हणाले, आधी चालायची सवय नाही. मला ते फारसं पटलं नाही.

मधली प्यादी समोरासमोर आली की आता तेच उठून माठाकडे जातात. मी त्यांची पाठ पाहत बसते आणि तेवढ्यात पट नीट तपासून घेते. फोनही पुन्हा आणतात. आल्याबरोबर, मी न सांगता, स्वतःच टोपलीखाली ठेवतात. मी थोड्या वेळाने टोपली उचलते आणि तो बंद आहे का ते पाहते.